उन्हाळ्याचं बिल ३०० युनिटच्या आत: कोल्हापुरातल्या एका घराच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

मागच्या उन्हाळ्याची बिलं काढून बसले. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. आमचा असा: मार्च २६८, एप्रिल ३७१, मे ४१२, जून २९०. थंडीत हेच घर १५०-१६० युनिटमध्ये भागतं. म्हणजे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने वापर अडीच पटींवर जातो आणि पैसे त्याहून जास्त पटीत वाढतात, कारण दर टप्प्याटप्प्याने चढतो.

माझ्या बिलावरचे दर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून एका युनिटला असे पडतात: पहिल्या १०० युनिटांना सहा रुपयांहून थोडे कमी, १०१ ते ३०० साडेअकराच्या आसपास, ३०० च्या पुढे पावणेसोळा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो इथे धरलेला नाही. हिशोब केला तर ३०० नंतरचं एकेक युनिट अठरा रुपयांना पडतं. मेमधली वरची ११२ युनिटंच दोन हजारांवर गेली होती. म्हणून एकच ध्येय ठेवलं: एप्रिल आणि मे, दोन्ही बिलं ३०० च्या आत.

घराची माहिती, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. फुलेवाडीच्या बाजूला, तळमजला आणि वर एक मजला, साधी आरसीसी स्लॅब, गच्ची सुमारे साडेसातशे चौरस फूट, मागची बाजू पश्चिमेला. माणसं पाच: आई-बाबा (सासूबाई आणि सासरे) खाली, आम्ही दोघं आणि मुलगा वर. सहा पंखे, दीड टनाचा जुना बिनइन्व्हर्टरचा एसी, १९० लिटरचा एका दाराचा फ्रीज, पाण्याची अर्धा एचपीची मोटर, बॅटरीचा इन्व्हर्टर, टीव्ही, वायफाय. आंघोळीला सोलर आहे, त्यामुळे गिझरचा प्रश्न नाही.

अट एकच: आई-बाबांना उकाड्यात बसवून युनिटं वाचवायची नाहीत.

१० मार्च, रात्री

खर्च कुठे होतो ते कळल्याशिवाय एक रुपयाही घालायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून मोजणीपासून सुरुवात.

यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. माझ्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स असं छापलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. यावरून सोपं सूत्र निघतं: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, उत्तर वॅटमध्ये. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. दहा लुकलुकी मोजून सरासरी काढली तर चूक कमी होते. एसीसारखं मोठं यंत्र चालू असताना दिवा डोळ्यांना मोजता येत नाही, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन सावकाश बघत मोजायचं.

झोपायच्या आधी सगळे दिवे-पंखे बंद केले, फ्रीजचा प्लग काढला. तरी दिवा दर सोळा सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ७० वॅट, काहीही चालू नसताना. चोवीस तास, तीस दिवस धरले तर ५० युनिटं.

मग एकेक एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडत गेले. इन्व्हर्टर ४५ वॅट, सेट टॉप बॉक्स १२, वायफाय ८, उरलेले टीव्ही आणि चार्जर. शेवटी सगळ्या एमसीबी खाली केल्या, दिवा थांबला. हे बघणं महत्त्वाचं आहे. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी वायरिंगमधून गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी जोडलंय. मग आधी वायरमनला बोलवा, बाकीचं नंतर.

१६ मार्च

आठवडाभर प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर (९५० रुपये) एकेका उपकरणाला लावून बघितलं. पंखे आणि एसी मीटरच्या दिव्यावरून मोजले. ऐन मेमधला दिवस डोळ्यांसमोर धरून अंदाज असा:

पंखे सुमारे ५ युनिटं. एसी साडेचार. फ्रीज २.१. इन्व्हर्टर एक युनिटच्या वर. मोटर अर्धं. दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री मिळून एक.

घरात सगळ्यांना वाटत होतं की बिल म्हणजे एसी. पंखे एसीच्या वर निघाले, कारण एसी रात्रीचे काही तास चालतो आणि पंखे दिवसभर. इन्व्हर्टर तर कुणाच्या मनातही नव्हता.

एलईडी दिवे आम्ही आधीच लावलेत, त्यामुळे तिथे काढण्यासारखं काही उरलं नाही. तुमच्याकडे अजून तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूब असतील तर त्या आधी बदला. ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर घेते, एलईडीची २० मध्ये भागते.

१८ मार्च

इन्व्हर्टर. बॅटरीला हात लावला तर कोमट. पाणी दर महिन्याला घालावं लागतं असं बाबांनी सांगितलं. दोन्ही खुणा एकच सांगतात: जुनी झालेली बॅटरी पूर्ण चार्ज होतच नाही, चार्जर वीज ढकलत राहतो आणि ती वीज उष्णतेत आणि पाणी उडवण्यात जाते. वीज गेल्यावर जेमतेम वीस मिनिटं दोन पंखे चालत होते.

आधी डिस्टिल्ड पाणी घालून, टर्मिनलं घासून बघितली. ४५ चे ४१ वॅट झाले. उपयोग नाही.

मोठी बॅटरी घ्यायची का, यावर घरात बोलणं झालं. आता वीज जाते ती वळवाच्या वाऱ्यात, तास-दोन तास. तेवढ्यासाठी १५० एएचची (एएच म्हणजे बॅटरीची साठवण) गरज नाही. १०० एएचची घेतली, जुनी देऊन ९,८०० रुपये. पहिले दोन दिवस पूर्ण चार्ज होऊ दिली आणि मग मोजलं: १६ वॅट. महिन्याला वीस युनिटं कमी. नुसत्या बिलाच्या बचतीसाठी दहा हजार घालू नका, पण बॅटरी तशीही बदलायला आली असेल तर लांबवू नका, ती दर महिन्याला पैसे खाते आहे.

सेट टॉप बॉक्सला वेगळा स्विच करून घेतला, रात्री बंद. वायफाय चालूच ठेवला. ८ वॅटसाठी रोज घरात वाद नको.

२३ मार्च

पंखे. जुना पंखा पाचवर ७८ वॅट. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा, २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. पण सहाही बदलले तर सतरा हजार. म्हणून कोणता पंखा किती तास चालतो ते लिहून काढलं. खालचा हॉल आणि आई-बाबांची खोली, हे दोन पंखे दिवसाला सोळा तास. बाकीचे पाच-सहा तास. दोनच बदलले, प्रत्येकी २,८५०.

बसवताना एक गोष्ट आडवी आली. वायरमन म्हणाले, "ताई, रेग्युलेटर राहू दे की, काय होत नाही." पंखा सुरू झाला आणि कण्हायला लागला, वेग आपोआप कमीजास्त होऊ लागला. बीएलडीसीच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं. भिंतीवरचा रेग्युलेटर काढून वायर थेट जोडायला हवी, पंख्याच्या माहितीपत्रकातही तसंच लिहिलंय. ते दाखवलं, थेट जोडणी झाली, आवाज गेला. असं बसवून तसंच ठेवलं तर सर्किट जळू शकतं, आणि मग दोष पंख्यावर येतो.

दुसरं म्हणजे रिमोट. दोन्ही पंखे एकाच कंपनीचे, दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार. हॉलमधून बटण दाबलं की बाबांचा पंखा बंद व्हायचा. एका पंख्याचं रिमोटशी पुन्हा जोडणं केलं, तेव्हा ते सुटलं. आईंना रिमोट नको होता. भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो, हे त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केलं. विकत घेताना ही सोय आहे का ते विचारा. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत ती असायलाच हवी.

मोजणी: तीसेक वॅट. ४५ वॅटची बचत, सोळा तास, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिटं. आमच्या दराने उन्हाळ्यातल्या महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास. वर्षभरात पंख्याचे पैसे निघतात.

उरलेल्या चारांपैकी दोघांना जुने खोक्याचे रेग्युलेटर होते. त्यांत दोनवर पंखा ठेवला तरी वीज फारशी कमी होत नाही, उरलेली खोक्यात तापून जाते. तिथे पायऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावले, २६० रुपयांचा एक. तिघांचे कपॅसिटर बदलले, साठ रुपयांचा एक. कपॅसिटर उतरला की पंखा पाचवरही रेंगाळतो आणि माणूस एसीचा रिमोट शोधतो. पाती ओल्या फडक्याने पुसली. वायरमनचे सगळे मिळून चारशे.

२९ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी

आता मूळ दुखणं: गच्ची. वरच्या खोलीत रात्री नऊलासुद्धा छताकडून झळ येते. कोल्हापूरची रात्र खरं तर वाईट नाही. बाहेर अंगणात बसलं तर मेमध्येही अकरानंतर पश्चिमेचा वारा अंगाला लागतो. पण स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहते. एसी त्या स्लॅबशी झगडतो, हवेशी नाही.

माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर नोंद करून आणले. दुपारी अडीचला गच्चीच्या पृष्ठभागावर ५८ अंश. संध्याकाळी सातला छताला आतून ३८.५.

चुना लावायचा ठरला. सकाळची शाळा करून आल्यावर दोन मजूर आणि मी, अकराच्या सुमारास सुरुवात केली. नुसता विरवलेला चुना आणि मीठ. दीड वाजता गच्ची दूधपांढरी. चुना, ब्रश आणि मजुरी मिळून अकराशे.

४ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव आला, अर्धा तास. आज गच्चीवर अर्धा चुना नाही. उरलेल्यावर पाय ठेवला तर तळव्याला पांढरी पूड. आईंनी कुरडया घालायला काढलेली चादरही भरली. कुरडया उचलून दारात अंथरल्या.

चुना का टिकला नाही ते स्पष्ट आहे. तो हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन कडक होतो आणि त्याला त्यासाठी ओलावा लागतो. भाजलेल्या स्लॅबने पाणी क्षणात शोषून घेतलं आणि चुना पूड होऊन वर बसला. शिवाय त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं.

६ एप्रिल

दुसऱ्यांदा, या रीतीने:

काल खराट्याने गच्ची झाडून, तारेच्या ब्रशने सैल चुना काढून पाण्याने धुतली. भेगा पांढऱ्या सिमेंटने भरल्या. आज उन्हं कलल्यावर, साडेपाचला, गच्चीवर पाणी मारून ती ओलसर ठेवली, डबकी नाहीत. मिश्रण: विरवलेल्या चुन्याची पूड २५ किलो, पांढरं सिमेंट १० किलो, चुन्यात घालायचा बाइंडर ३ किलो, पाणी ताकाइतकं पातळ होईल एवढं. गाळून घ्या, नाहीतर ब्रशला खडे येतात. पहिला हात उभा, दुसरा आडवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडायचं. सिमेंट कालवून ठेवू नये, बादलीभरच कालवावं.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा होते. मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

साहित्य आणि मजुरी २,७०० रुपये. पहिले अकराशे गेले ते गेले.

१२ एप्रिल

आज जोतिबाची चैत्र यात्रा. रस्त्यावर सकाळपासून 'चांगभलं' आणि गुलाल. ऊन कडक, ढग नाहीत, म्हणजे मोजायला चांगला दिवस.

अडीचला गच्चीवर ४३ अंश. २९ मार्चला ५८ होतं. सातला छताला आतून ३४. साडेचार अंशांचा फरक आणि तो रात्रभर मिळतो. ऊन रोज सारखं नसतं, म्हणून आकडे दोन-चार दिवसांचे घेतले, फरक चार अंशांच्या खाली गेला नाही.

आईंना सांगितलं नव्हतं. रात्री जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "आज वर तापल्यागत वाटत न्हाई गं." त्या थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे मला हे त्याहून मोलाचं वाटलं.

चुन्यावर दुपारी डोळे दिपतात, हा त्रास आहे. शेजारच्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत चकाकी जाते का तेही बघून घ्या. आमच्या बाजूला नारळ आहे, म्हणून प्रश्न आला नाही. सांडगे-पापड आता त्यावरच चादर टाकून वाळतात, पूड लागत नाही.

१६ एप्रिल

पश्चिमेच्या खिडक्या. आतून जाड पडदे होतेच, पण काच तापली की उष्णता आत आलेलीच असते, पडदा ती नुसती थोपवतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. बुरुडाकडून बांबूच्या दोन चिका (काड्यांचे पडदे) करून घेतल्या, १,३०० रुपये, छज्ज्याला हुक ठोकून बाहेरून सोडल्या. वाऱ्यात आपटू नयेत म्हणून खालून दोरी.

दिवसा खिडक्या लावायच्या की उघड्या, यावर आईंचं आणि माझं एकमत नव्हतं. "कोंडून घेतल्यागत होतंय बघ," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. दोन दिवस त्यांच्या पद्धतीने, दोन दिवस माझ्या पद्धतीने, हॉलमधलं तापमान दर तासाला लिहिलं. दुपारी तीनला खिडक्या उघड्या असताना ३५, लावलेल्या असताना ३२. तडजोड: दहा ते सहा पश्चिम आणि दक्षिण बंद, उत्तरेची एक खिडकी फटीएवढी उघडी आणि पंखा. यावर दोघी खूश.

२० एप्रिल

एसी. व्हिडिओ काढून मोजला: ५० लुकलुकी ३५ सेकंदांत, म्हणजे १,६०० वॅट. आमचं यंत्र जुनं, कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो किंवा बंद असतो. त्यामुळे बचत म्हणजे तो तासातली किती मिनिटं बंद राहतो एवढंच.

मुलगा २२ वर ठेवायचा. २२ वर कॉम्प्रेसर तासभरात एकदाही थांबला नाही. २६ वर आणि पंखा दोनवर ठेवल्यावर तासातली पस्तीस मिनिटं चालला. खोली गार लागते ती पंख्याने, २२ ने नाही. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक केलंय. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं बीईई (वीज बचतीचं काम बघणारी केंद्राची संस्था) सांगतं.

फिल्टर धुतला, आत गादीसारखा थर होता. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारपासून उन्हात. त्याच्या पंखांमध्ये धूळ आणि पिसं. बागेच्या पाइपने, जोर कमी ठेवून, मुख्य स्विच बंद करून धुतलं.

त्याला सावली म्हणून हिरवी शेडनेट बांधली होती, ती युनिटला लागूनच. त्या रात्री एसी दोनदा आपोआप बंद पडला. बाहेर फेकलेली गरम हवा नेटला अडून पुन्हा आत ओढली जात होती. नेट काढून वरच्या छज्ज्यापासून तीन फूट पुढे, पत्र्याच्या पडवीसारखी तिरपी बांधली. पुढची बाजू मोकळी. मग नीट चालला.

आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो डासांच्या जाळीने. आम्ही रात्रभर एसी का लावत होतो, तर खिडकी उघडता येत नव्हती म्हणून. वेल्क्रोच्या जाळ्या दोन खिडक्यांना लावल्या, १,१०० रुपये. आता एसी दहा ते साडेबारा, टायमरवर. तो थांबला की नवरा उठून खिडक्या उघडतो, पश्चिमेचा वारा आत येतो आणि पंखा पुरतो. मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात सहा तास चालायचा. एसीची रोजची जवळजवळ निम्मी युनिटं इथेच वाचली.

घाटाच्या या बाजूला रात्री वारा असतो, म्हणून हे जमतं. नागपूर-अकोल्याकडे मेमधल्या रात्री खिडकी उघडून काही हाती लागेल असं मी म्हणणार नाही.

२७ एप्रिल

परीक्षा संपल्या, हाताला वेळ मिळाला. छोटी कामं उरकली.

फ्रीज: दारात कागद धरून दार लावलं, कागद सरळ ओढून निघाला. म्हणजे रबर ढिलं. गरम पाण्याने शेकून बघितलं, एका कोपऱ्यात तरी निघतच होता, मग नवं बसवलं, ६५० रुपये. फ्रीझरमधला बोटभर बर्फ काढला. सुरीने खरवडू नका, नळी फुटली तर फ्रीजच जाईल. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. बापट कॅम्पातून माठ आणला, २८० रुपये, त्यामुळे थंड पाण्यासाठी दिवसभर होणारी उघडझाप थांबली. वॉटमीटरवर २.१ चं १.५ झालं.

मोटर: पूर्वी पंचवीस मिनिटांत टाकी भरायची, आता पन्नास. फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) गळका होता, दर वेळी पाइपातलं पाणी खाली उतरायचं आणि मोटर आधी हवा ओढायची. बदलला, उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ८५० घेतले. आता सव्वीस मिनिटं.

मोटर आणि इस्त्री संध्याकाळऐवजी सकाळी करतो. आमच्या साध्या मीटरवर त्याने बिलात काहीही कमी होत नाही, हे आधीच सांगते. पण संध्याकाळी सात ते दहा सगळ्या गावाचे पंखे, एसी, टीव्ही एकदम चालू असतात, व्होल्टेज उतरतं, आणि कमी व्होल्टेजवर मोटर तापते. शिवाय ऐन गर्दीच्या वेळी आपला भार कमी राहिला तर ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनाच बरं.

५ मे

रीडिंग झालं. एप्रिलचा वापर २७६ युनिटं. गेल्या वर्षी ३७१. त्याआधीचं मार्चचं बिल २४१ आलं होतं, गेल्या वर्षी २६८.

पैशांत एप्रिलला सोळाशेच्या आसपास वाचले. यातही महिन्याचे पहिले दिवस चुन्याशिवाय आणि पहिले तीन आठवडे जाळीशिवाय गेलेत.

११ मे

मावसभावाचा कूलर आणला होता, एसीला पर्याय म्हणून. १८० वॅट. एप्रिलमध्ये कोरड्या दुपारी खालच्या हॉलमध्ये छान चालला. आता हवेत दमटपणा आलाय, संध्याकाळी ढग भरून येतात, तेव्हा कूलर नुसता चिकटपणा वाढवतो. अंथरूण ओलसर लागतं. परत दिला. कोल्हापुरात कूलरचे खरे दिवस मार्च-एप्रिल, मेवर भिस्त ठेवून विकत घेऊ नका.

१९ मे

पाऊस लागायची चिन्हं आहेत, म्हणून आजच रीडिंग लिहून ठेवलं. ५ मेपासून १२८ युनिटं, रोजची नऊच्या थोडी वर. गेल्या वर्षी मेची सरासरी तेराच्या वर होती. या गतीने महिना २८३ वर थांबला असता. तुलना करायची तर ही करा, पुढच्या आकड्यांची नको.

८ जून

मेचं बिल २१४ युनिटं. गेल्या वर्षीचे ४१२ शेजारी ठेवले तर निम्मे झाल्यासारखे दिसतात, पण दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस झोडपत होता, मान्सूनही २५ मेलाच राज्यात आला. एसी जवळजवळ लागलाच नाही. त्यातली सगळी बचत आपल्या कामाची नाही.

एकूण खर्च बॅटरी सोडून साडेपंधरा हजारांच्या आसपास. वाया गेले ते पहिल्या चुन्याचे अकराशे. पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलेन: आधी जाळ्या आणि गच्ची, मग दोन पंखे, मग बाकीचं. जाळ्यांचे अकराशे एका महिन्यात निघाले, दुसरं काहीच इतक्या लवकर निघालं नाही.

एक गोष्ट फारशी कुणी धरत नाही: सुरक्षा ठेव. मासिक बिल असेल तर ती वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट धरतात आणि उन्हाळ्याच्या सुमारास कमी पडणाऱ्या रकमेचं वेगळं बिल येतं. वापर उतरला की पुढच्या वर्षी ती मागणीही थांबते.

चुना पावसाळ्यात शेवाळेल. जिन्याच्या दारापाशी आत्ताच पाय घसरतोय, तिथे खडबडीत फरश्या टाकल्यात. दिवाळीनंतर गच्ची धुऊन फेब्रुवारीत एक हात पुन्हा मारावा लागेल.

या आठवड्यात छतावरच्या सौर पॅनेलची चौकशी केली. दाखवायला आलेल्या मुलाने गेल्या वर्षीचं मेचं बिल बघून ३ किलोवॅट सांगितलं. त्याला ही वही दाखवली. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरली तर २ किलोवॅट महिन्याला २४० देतात आणि वर्षाची सरासरी धरली तर आमचं आता त्यात भागतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार अनुदान आहे, ३ ला ७८ हजार. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान कमी आणि आम्हाला गरजही नाही. त्याने पुन्हा मोजून २ चा कागद दिला. तोंड दक्षिणेलाच राहील, फक्त सांगाडा पश्चिमेच्या खोलीच्या डोक्यावर उभा करायला सांगितलाय, म्हणजे दुपारची सावली त्याच स्लॅबवर पडेल.